आत्याबाई आणि महारोहिणी

एखाद्या दुर्मिळ व्याधीविषयीं घरांतील लहानथोर सर्वांच्या हातीं पडणाऱ्या मासिकांत लिहावें कीं नाहीं, याबद्दल आमच्या मनांत पुष्कळ दिवस चलबिचल होती. मधुमेह, रक्तदाब, संधिवात यांविषयीं कांहीं छापून आलें तर लोक तें कात्रण काढून ठेवतात. परंतु कर्करोगानें महारोहिणीची भिंत पोखरून तिला फुगा येतो, हें वाचून कोणाचा काय फायदा, असा प्रश्न आमच्याच घरांतून विचारण्यांत आला. त्याला आमचें उत्तर एवढेंच कीं, ही व्याधि विरळ असली तरी तिनें घरापुढें जे प्रश्न उभे केले ते मुळींच विरळ नाहींत. बरा न होणारा रोगी, समोर ठेवलेला महागडा उपाय, आणि निर्णयासाठीं मिळालेली एक रात्र. हा प्रसंग ज्या घरावर आला नाहीं असें घर आतां शोधूनच काढावें लागेल.

प्रथम महारोहिणी म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. हृदयाच्या डाव्या भागांतून शुद्ध रक्त घेऊन निघणारी जी सर्वांत मोठी वाहिनी, ती महारोहिणी. ती वर चढून कमानीप्रमाणें वळते आणि पाठीच्या कण्याला लागून छातींतून पोटांत उतरते. छातींत तिची रुंदी सुमारें अडीच ते तीन सेंटिमीटर असते, पोटांत ती दोन सेंटिमीटरच्या आसपास येते. मिनिटाला सुमारें पांच लिटर रक्त हृदय ढकलतें, आणि तें बहुतेक सारें हिच्यांतूनच सर्वांगाला जातें. तिच्या भिंतीला तीन पदर असून मधला पदर अतिशय चिवट व लवचिक असतो. वय, धूम्रपान, वाढलेला रक्तदाब यांनीं हा पदर झिजला म्हणजे तिन्ही पदर मिळून बाहेर फुगतात. यास रोहिणीविस्फार म्हणतात. डॉक्टर लोक अॅन्यूरिझम म्हणतात. पोटांतील असा विस्फार पुरुषांमध्यें साडेपांच सेंटिमीटरपर्यंत वाढला म्हणजे शस्त्रक्रियेचा विचार करण्याची रीत आहे. त्याहून लहान असेल तर नुसती नजर ठेवतात.

कर्करोगाच्या शेजारानें होणारा विस्फार बहुधा या जातीचा नसतो. महारोहिणीच्या लवचिक पदराला कर्करोगही सहजासहजीं भेदूं शकत नाहीं. परंतु एवढ्या मोठ्या वाहिनीच्या भिंतीलाही पोसण्यासाठीं केशाएवढ्या बारीक रक्तवाहिन्या बाहेरून आलेल्या असतात. अन्ननलिकेचा, डाव्या फुप्फुसाचा किंवा पाठीच्या कण्यालगतच्या रसग्रंथींचा कर्करोग वाढत वाढत महारोहिणीला जाऊन भिडला म्हणजे तो या बारीक वाहिन्या दाबतो व बुजवितो. भिंत उपाशी राहते. तिजवर क्षकिरणांचा उपचार झालेला असला, किंवा अन्ननलिकेंतील जंतु तेथें पोंचले, तर ती अधिकच कच्ची होते आणि एके ठिकाणीं फाटते. फाटलेल्या जागीं रक्त बाहेर येऊन भोंवतालच्या मांसानें व गोठलेल्या रक्तानें कसेंबसें अडवून धरलेलें असतें. हा मिथ्या विस्फार. याला तीन पदरांची भिंतच नसते. म्हणून तो किती सेंटिमीटरचा आहे हें मोजीत बसण्यांत अर्थ नसतो; लहान असला तरी तो केव्हां फुटेल याचा नेम नाहीं.

आतां आमच्या आत्याबाईंची गोष्ट. घाटनांदूर हें अंबाजोगाई तालुक्यांतील बालाघाटच्या पठारावरचें गांव. विकाराबादहून परळीला जाणाऱ्या लोहमार्गावर तेथें स्टेशन आहे, आणि लहानपणीं सुटींत आम्ही त्या स्टेशनावर उतरलों कीं आत्याबाईंचा गडी पाण्याची कळशी घेऊन उभा असे. निजामी अमदानींत अंबाजोगाईस मोमिनाबाद म्हणत, आणि त्या काळीं या भागांतील लोकांचें तोंड मोठ्या दुखण्याच्या वेळीं हैदराबादकडे असे. 1948 च्या सप्टेंबरांत संस्थान भारतांत आलें, 1956 सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, तेव्हां तें तोंड हळूहळू पुण्यामुंबईकडे वळलें. 1974 सालीं अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवाचें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें. खेड्यापाड्यांसाठीं काढलेलें असें तें आशियांतील पहिलेंच, हें त्या बाजूचे लोक अजून अभिमानानें सांगतात, आणि त्यांना तो अभिमान शोभतो. पलीकडे बार्शीस 1982 पासून नर्गिस दत्त यांच्या स्मरणार्थ चालविलेलें कर्करोगाचें रुग्णालय आहे, आणि 1987 पासून बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील कर्करोग्यांची गांवोगांव फिरून नोंद ठेवली जाते. ग्रामीण भागांतील अशी नोंदवही हिंदुस्थानांत प्रथम येथेंच उघडली. आमच्या शहरी स्नेह्यांना मराठवाडा म्हणजे दुष्काळ एवढेंच ठाऊक असतें, म्हणून हें मुद्दाम सांगितलें.

आत्याबाई एकाहत्तर वर्षांच्या. दोन मुलगे, दोन सुना, नातवंडें, एक विधवा जाऊ, असा बारा माणसांचा वाडा त्यांच्या हातीं. सोंवळेंओंवळें कडक, पण जेवणानंतर पानाबरोबर चिमूटभर तंबाखू मात्र चाळीस वर्षें सुटली नव्हती. 2018 च्या फाल्गुनांत त्यांना भाकरी गिळतांना छातींत अडकल्यासारखें होऊं लागलें. मग पोळी अडूं लागली, मग भात. पेजेवर आल्या तेव्हां मुलांनीं ऐकलें नाहीं. दुर्बीण घालून पाहिलें तों अन्ननलिकेच्या मधल्या भागांत कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया करण्याची वेळ टळून गेली होती. क्षकिरण व औषधें दिलीं, गिळणें थोडें सुधारलें, वैशाखाच्या अखेरीस त्या घरीं आल्या. रोगाचें नांव मुलांनीं त्यांच्यापाशीं काढलें नव्हतें. ‘आंतून सूज आहे’ एवढेंच त्यांना सांगण्यांत आलें होतें, आणि त्यांनींही तें ऐकून घेतल्यासारखें केलें होतें.

गुरुपौर्णिमेच्या दिवशीं, 27 जुलैला सकाळीं, त्यांनीं चूळ भरतांना ओंजळभर तांबडें रक्त टाकलें. लगेच थांबलें. एका डॉक्टरांना दाखविलें. त्यांनीं पित्त झालें असावें म्हणून गोळ्या दिल्या. दिवसभर आत्याबाईंना कांहीं त्रास नव्हता. त्यांनीं व्यासपूजेचा नैवेद्य स्वतः सांगून करून घेतला. सर्वांचा जीव खालीं पडला, एकीचा सोडून. धाकटी सूनबाई गांवच्या शाळेंत मुलांना शास्त्र शिकविते. ती म्हणाली, ‘पोटांत साचलेलें रक्त आम्लानें काळपट होतें, कॉफीच्या गाळासारखें दिसतें. हें तर लालभडक होतें. हें रोहिणींतलें रक्त आहे.’ घरांतील पुरुषमंडळींना हें शास्त्र थोडें आगाऊपणाचें वाटलें. परंतु तिनें रात्रीं स्वतः फोन करून गाडी ठरविली, आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे आत्याबाईंना शहरांत नेलें. आम्ही तेथें जाऊन मिळालों.

सूनबाईचा तो हट्ट किती मोलाचा होता हें आम्हांला मागाहून कळलें. हान्स कियारी नांवाच्या एका रोगशास्त्रज्ञानें 1914 सालीं या प्रकाराचें वर्णन करून ठेविलें आहे. छातीच्या मध्यभागीं दुखणें. मग तोंडावाटे थोडेंसें लाल रक्त. त्यानंतर कांहीं तास किंवा कांहीं दिवस पूर्ण शांतता. आणि मग एकदम न आवरणारा रक्तस्राव. महारोहिणी व अन्ननलिका यांच्यामध्यें छिद्र पडलें म्हणजे पहिलें रक्त गोठून त्या छिद्राला बूच बसतें, आणि तें बूच निघेपर्यंत रोगी ठणठणीत दिसतो. ही मधली शांतता हाच काय तो उपचाराचा अवसर. नेमक्या याच अवसरांत बहुतेक घरांत ‘आतां बरें वाटतें आहे, उद्यां पाहूं’ असें म्हटलें जातें. असें छिद्र पडण्याचीं कारणें तीन मुख्य: छातींतील महारोहिणीचा मोठा विस्फार, गिळलेला टोकदार पदार्थ, आणि कर्करोग. टोकदार पदार्थांत माशाचा काटा हा फार प्रसिद्ध; तेवढें एक भय आत्याबाईंच्या स्वयंपाकघरांत नव्हतें.

सी.टी. स्कॅनमध्यें शंका खरी ठरली. कर्करोगाची गांठ जेथें महारोहिणीला टेकली होती, नेमका तेथें सुपारीएवढा मिथ्या विस्फार दिसत होता. तरुण शल्यवैद्यांनीं आम्हांला पडद्यावर तें चित्र दाखविलें. महारोहिणीचा पांढरा गोल वाटोळा होता, आणि त्याच्या एका कडेला, जणू दौत कलंडून शाई बाहेर यावी तसा, एक पांढरा ओघळ बाहेर आलेला होता. थोरल्या आतेभावानें विचारलें, ‘कापून काढतां येत नाहीं कां?’ डॉक्टर म्हणाले, ‘काढतां येतें, पण आजींना तें सोसवणार नाहीं, आणि सोसलें तरी कर्करोग राहणारच.’

या कापून काढण्याचा इतिहास मोठा धाडसी आहे. 1785 सालीं लंडनमध्यें जॉन हंटरनें एका गाडीवानाच्या गुडघ्यामागील विस्फारासाठीं मांडींतील रोहिणी बांधली आणि त्याचा पाय वांचविला. 1817 सालीं अॅस्टली कूपरनें पोटांतील महारोहिणीच बांधून पाहिली. तो रोगी दोन दिवससुद्धां जगला नाहीं. पुढें सव्वाशें वर्षें शल्यवैद्य त्या वाहिनीला हात लावण्यास कचरत. विस्फाराला बाहेरून सेलोफेनचा कागद गुंडाळावा, म्हणजे त्याच्या टोंचणीनें भोंवतीं घट्ट कवच तयार होईल, अशीही एक युक्ति निघाली होती. 1948 च्या डिसेंबरांत रुडॉल्फ निसेननें प्रख्यात शास्त्रज्ञ आइन्स्टाइन यांच्या पोटांतील विस्फाराला असाच कागद गुंडाळला, आणि त्यावर ते सहा वर्षांहून अधिक जगले. 1955 च्या एप्रिलांत तो विस्फार फुटला, तेव्हां शस्त्रक्रिया होऊं शकत होती. त्यांनीं ती नाकारली आणि 18 तारखेला शहात्तराव्या वर्षीं प्रिन्स्टन येथें देह ठेवला. त्यांना कर्करोग नव्हता. पण नकार देण्याचा अधिकार रोग्याचा आहे हें पटविण्यास आम्हांला त्या दोन दिवसांत हें उदाहरण फार उपयोगीं पडलें.

1951 सालीं पॅरिसमध्यें शार्ल द्यूबोनें विस्फाराचा भाग कापून त्या जागीं मृताच्या शरीरांतील महारोहिणीचा तुकडा शिवला. त्यानंतर कापडाच्या नळ्या आल्या. अमेरिकेंतील मायकेल डबेकी यानें डेक्रॉनच्या कापडाची नळी घरीं आपल्या पत्नीच्या शिवणयंत्रावर शिवली, ही गोष्ट आमच्या घरांतील बायकांना विशेष आवडली. तो नायलॉन आणण्यास दुकानांत गेला होता. तें संपलें होतें म्हणून डेक्रॉन घेऊन आला, आणि तेंच टिकाऊ निघालें. ज्या अंबाजोगाईंत दासोपंतांनीं लांबलचक पासोडीवर वेदान्त लिहिला, तेथील लोकांना कापडावर भरंवसा ठेवण्यास शिकवावें लागत नाहीं, असें आम्हीं गमतीनें म्हटलें तेव्हां सूनबाईला त्याही स्थितींत हसूं आलें.

परंतु छाती उघडण्याचा मार्ग आत्याबाईंसाठीं बंद होता. दुसरा मार्ग गेल्या कांहीं दशकांतला. 1987 सालीं खारकीव्ह येथें निकोलाय व्होलोडोस यानें, आणि 1990 सालीं ब्यूनॉस आयर्स येथें हुआन परोदी यानें, कापडाची नळी दुमडून जांघेतील रोहिणीवाटे आंतल्याआंत महारोहिणींत नेऊन उघडली. हल्लीं या नळीला निकेल व टिटॅनियम यांच्या मिश्रधातूचीं कडीं असतात. हा धातु दाबून बारीक केला तरी शरीराच्या उष्णतेंत आपला मूळ आकार आठवून पुन्हां ताठ होतो. नळी उघडली म्हणजे रक्त तिच्या आंतून वाहूं लागतें, आणि बाहेरच्या फुग्यांतील रक्त निपचित पडून गोठतें. छाती फाडावी लागत नाहीं. जांघेत एक लहानशी चीर किंवा नुसती सुई पुरते.

डॉक्टरांनीं उणी बाजूही लपविली नाहीं. नळीनें पाठीच्या कण्याला रक्त पुरविणाऱ्या लहान रोहिणी झांकल्या गेल्या तर क्वचित् कमरेखालीं लुळेपणा येतो. मेंदूंत गांठ जाऊन पक्षाघात होऊं शकतो. आणि कर्करोगाच्या रोग्यांत मुख्य भय जंतूंचें. अन्ननलिकेशीं छिद्र जोडलेलें असेल तर नवी कापडी नळी घाणेरड्या पाण्यांत बुडविल्यासारखीच, म्हणून पुढें दीर्घकाळ जंतुनाशक औषधें घ्यावीं लागतात आणि तरीही भरंवसा नाहीं. कर्करोगाला तर याचा कांहींच उपाय नाहीं. येथें एक भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. वृषणाचा कर्करोग किंवा रसग्रंथींचे कांहीं कर्करोग महारोहिणीच्या भोंवतीं पसरले तरी औषधांनीं पुष्कळदां पूर्ण बरे होतात. तशा रोग्यांत विस्फार आढळला तर त्याचा उपाय करण्यांत कोणीही हात आंखडूं नये, कारण पुढें उभें आयुष्य असतें. अन्ननलिकेचा कर्करोग महारोहिणींत शिरला असेल तर हिशेब वर्षांचा नसून महिन्यांचा असतो. एकाच छायाचित्रावर एकाला एक सल्ला व दुसऱ्याला दुसरा मिळतो, तो यामुळें.

त्या रात्रीं धर्मशाळेच्या ओसरींत बसून जी चर्चा झाली तिचें वर्णन आम्ही लांबवीत नाहीं. थोरल्याचें म्हणणें, कांहीं लाख रुपये घालून चार महिने विकत घ्यावयाचे, आणि तेही दुखण्याचे. याला अर्थ काय? धाकट्याचें म्हणणें, आई आहे, अर्थ कसला विचारतोस? थोरला पैशाचा लोभी नाहीं. वडिलांच्या मागें त्यानें घर सांभाळलें, दोन बहिणींचीं लग्नें केलीं. खर्चाची वही त्याच्या हातीं असते म्हणून कठोर बोलणेंही त्याच्याच वांट्याला येतें. हें धाकट्याला त्या रात्रीं दिसलें नाहीं. शिवेजवळचें दोन एकर रान विकावें असें कोणीतरी सुचविलें, आणि मग सगळेच गप्प झाले.

आमच्या डोक्यांत त्या वेळीं एक जुना शब्द घोळत होता. सुश्रुतानें रोगांचे साध्य, याप्य आणि असाध्य असे भाग पाडले आहेत. निदानस्थानांत सिराज ग्रंथि नांवाची रक्तवाहिनीची गांठ सांगितली असून ती मोठी, न हलणारी व मर्मस्थानीं उठलेली असली तर वैद्यानें तिच्या वाटेस जाऊं नये असें म्हटलें आहे. हाच तो रोहिणीविस्फार असें ठांसून सांगण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. आपल्या ग्रंथांत सर्व कांहीं होतें असें म्हणण्याची जी हौस हल्लीं आहे ती आम्हांला नाहीं. परंतु साध्य आणि असाध्य यांच्यामध्यें ‘याप्य’ हें जें घर त्यानें ठेविलें, तें विलक्षण शहाणपणाचें आहे. याप्य म्हणजे जो रोग बरा होत नाहीं, पण उपचार चालू आहे तोंवर आवरलेला राहतो. सूत्रस्थानांत त्याला दृष्टांत दिला आहे तो पडावयास आलेल्या घराला नीट लावलेल्या टेकूचा. टेकूनें घर नवें होत नाहीं. आंतल्या माणसांना सामानसुमान आवरून बाहेर पडण्यास वेळ मिळतो. आम्हीं हें बोलून दाखविलें. थोरला म्हणाला, ‘मग सामान कोणाचें आहे, तिला विचारा.’

आमच्या मतें त्या रात्रीं बोललें गेलेलें सर्वांत शहाणपणाचें वाक्य तेंच.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं डॉक्टर खाटेशीं बसले. मुलांनीं त्यांना खूण केली होती. त्यांनीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. ‘आजी, तुम्हांला काय झालें आहे असें वाटतें?’ त्यांनीं विचारलें. आत्याबाई म्हणाल्या, ‘चैत्रांत मला विजेखालीं निजवत होते तेव्हां शेजारच्या खाटेवरच्या बाईंना जें होतें, तेंच.’ मुलांनीं माना खालीं घातल्या. मग डॉक्टरांनीं सर्व सांगितलें. नळी घातली तर काय, न घातली तर काय. आत्याबाईंनीं दोनच प्रश्न विचारले. नळी नाहीं घातली तर मरण कसें येईल, हा पहिला. ‘रक्त येऊन. बहुधा एकदम.’ ‘पोरांच्या देखत?’ ‘तें सांगतां येत नाहीं.’ दुसरा प्रश्न, नळी घातली तर महालक्ष्म्यांना घरीं असेन कां? डॉक्टरांना महालक्ष्म्या केव्हां येतात तें ठाऊक नव्हतें. दीड महिना आहे हें कळल्यावर ते म्हणाले, आशा आहे. आत्याबाई आमच्याकडे वळून म्हणाल्या, ‘रान विकायचें नाहीं. माझ्या पाटल्या आहेत, त्या मोडा. आणि छाती फाडायची नाहीं, पायांतून काय घालायचें तें घाला.’ पाटल्यांनीं निम्मा खर्च भागला. उरलेला चौघांनीं वांटून घेतला.

31 जुलैला दोन तासांत तें काम झालें. तिसऱ्या दिवशीं त्या कांठी धरून चालल्या. अन्ननलिकेंत छिद्राची शंका होती म्हणून तोंडानें खाणें बंद करून पोटांत नळी बसविली, आणि नवव्या दिवशीं आम्ही त्यांना घाटनांदूरला घेऊन आलों.

नळीवाटे अन्न देण्याचें काम दोन्ही सुनांनीं शिकून घेतलें: गाळलेली पेज, ताक, वरणाचें पाणी, डबाबंद पौष्टिक पूड, प्रत्येक वेळीं मागाहून कोमट पाण्यानें नळी धुवावयाची, आणि अर्धा तास पाठीशीं लोड ठेवून बसवावयाचें. श्रावणांतली पहिली एकादशी आली तेव्हां आत्याबाईंनीं पेंच घातला कीं नळींतून गेलेली पेज उपासाला चालते कां. जिभेला स्पर्श नाहीं, चव नाहीं. मग तें अन्न कीं औषध? थोरल्या जाऊबाईंनीं निकाल दिला, ‘औषधच तें’. तरी आत्याबाईंनीं त्या दिवशीं पेजेऐवजीं राजगिऱ्याची लापशीच करावयास लावली.

याच काळांत रुग्णालयांतील एका परिचारिकेनें सूनबाईला एक गोष्ट सांगितली होती, ती येथें लिहावी असें आम्हांला फार वाटतें, कारण ती कोणत्याही कागदावर लिहून मिळाली नाहीं. नळी बसविली तरी रक्तस्रावाचें भय समूळ जात नाहीं. म्हणून खाटेजवळ गडद रंगाचीं, काळीं किंवा तांबडीं, जाड पांघरुणें व पंचे घडी घालून ठेवावे. पांढऱ्या चादरीवर रक्त दिसतें तें पाहून घरचीं माणसें पळतात, आणि रोगी एकटा राहतो. गडद कापडावर तें तितकें दिसत नाहीं. डॉक्टरांनीं गुंगीचें औषध देऊन ठेविलें असेल तर तें कोठें आहे हें दोघांना तरी ठाऊक असावें. आणि तसा प्रसंग आलाच तर गाडी शोधण्यास धांवूं नये. हात धरून शेजारीं बसावें. सूनबाईनें दोन इरकली लुगडीं घडी करून उशाशीं ठेविलीं. आत्याबाईंनीं तीं पाहिलीं, आणि कशासाठीं म्हणून विचारलें नाहीं.

वेदनेसाठीं मॉर्फीनच्या गोळ्या होत्या. त्या चुरून, पाण्यांत कालवून नळीवाटे देत. या औषधाच्या नांवानें अजून लोक दचकतात, आणि आमच्या थोरल्या आतेभावानेंही पहिल्या दिवशीं ‘आईला अफूची संवय लागेल’ म्हणून हरकत घेतली. ज्याच्यापाशीं महिनेच उरले आहेत त्याला संवय लागण्याचें भय कसलें? 2014 सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना हें औषध ठेवणें सोपें झालें आहे. तरी तालुक्याच्या दुकानांत तें मिळत नाहीं, आणि दर महिन्याला कोणाला तरी शहरांत खेप घालावी लागे.

महालक्ष्म्या सप्टेंबरच्या मध्यांत बसल्या. मुखवटे आत्याबाईंनीं खाटेवर बसून स्वतः पुसले, सोळा भाज्या मोजून घेतल्या, आणि पुरणांत जायफळ कमी पडलें आहे हें नुसत्या वासावरून सांगितलें. दिवाळींत त्या ओट्यापर्यंत येत. 2019 च्या जानेवारीच्या आरंभीं वेळ अमावास्या आली. त्या बाजूस या दिवशीं सगळें घर शेतांत जेवावयास जातें, कडब्याची खोप करून पांच पांडव मांडतात, आंबील व भज्जी करतात. थोरल्यानें गाडींत गाद्या घालून आईला शिवेजवळच्या त्याच दोन एकरांत नेलें. गाळलेली आंबील चमचाभर जिभेवर ठेवून त्यांनीं थुंकून टाकली, आणि उरलेली नळीवाटे घेतली. ज्वारी हुरड्यास आली होती. तो दिवस त्यांना मानवला नाहीं. रात्रीं थंडी वाजून ताप आला, आणि पुढें तो येत जात राहिला. नळीला जंतु लागले असावेत. पुन्हां शहरांत नेण्याविषयीं विचारलें तेव्हां त्यांनीं हातानें नको म्हटलें.

माघांत, एका पहाटे, थोरला शेजारीं बसला असतां त्या गेल्या. रक्त आलें नाहीं. लुगडीं घडीसकट तशींच होतीं.

थोरला अजूनही म्हणतो कीं इतका खर्च करावयास नको होता. वहींत त्यानें प्रत्येक पावती चिकटवून ठेविली आहे आणि कोणी विचारलें तर ती काढून दाखवितो. धाकटा त्यावर चिडतो. आम्हांला विचाराल तर आम्हीं त्या साडेसहा महिन्यांतले निदान पांच महिने चांगले पाहिले, आणि ते नळीमुळें मिळाले असें मानतों; पण दुसरी एखादी आत्याबाई ‘नको, मला घरीं न्या’ म्हणाली असती, तर तिच्या घरच्यांनीं लुगडीं उशाशीं ठेवून तिला घरीं न्यावें हेंच आम्हीं सांगितलें असतें. वाड्यांतील पानाचा डबा आतां धाकट्या सूनबाईनें माळ्यावर टाकला आहे. थोरला खिशांतून पुडी काढतो तेव्हां ती कांहीं बोलत नाहीं. मात्र गेल्या वर्षीं तिनें त्याला अंबाजोगाईस नेऊन घसा तपासून आणला, आणि त्या पावतीचा खर्च त्यानें निमूटपणें वहींत लिहिला.